शोधनिबंधाची साधने : आधी नोंद, मग टिपण

महाविद्यालयीन शोधनिबंध अडतो तो बहुधा लेखनात नव्हे, तर साधनांच्या नोंदींत. माहिती भरपूर जमते. मात्र ती कोठून घेतली याचा पत्ता न लागल्याने ऐनवेळी चांगला पुरावाही वगळावा लागतो. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे उदाहरण घेतल्यास साधने कशी शोधावीत आणि लावावीत, हे स्पष्ट होते.

विषयाची हद्द

संपूर्ण सत्याग्रह हा एका निबंधाचा विषय नव्हे. ‘सत्याग्रहाचा पहिला महिना आणि वृत्तपत्रे’ अशी हद्द आखल्यास शोध आवाक्यात येतो. त्यानंतर तारखांचा तक्ता करावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे धर्मांतराची घोषणा झाली.

हा तक्ता व्यर्थ शोध वाचवितो. डॉ. आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडले होते आणि ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झाले. त्यामुळे पहिल्या महिन्याच्या बातम्या या दोन्ही पत्रांत मिळणार नाहीत. त्यासाठी त्या काळातील इतर वृत्तपत्रे पाहावी लागतात. दांडीयात्रेच्या बातम्यांमध्ये नाशिकला किती जागा मिळाली, हाही अभ्यासाचा प्रश्न ठरतो.

प्राथमिक आणि दुय्यम साधने

तत्कालीन बातम्या, पत्रे, सरकारी अहवाल ही प्राथमिक साधने. नंतरची चरित्रे व इतिहासग्रंथ दुय्यम. प्राथमिक साधनांतही प्रत्येकाचे काम निराळे असते. काय घडले हे बातमी सांगते. का घडविले हे पत्रातून कळते. मंदिर प्रवेशाचा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हे, तर समाजात जागृती आणण्यासाठी होता, असे डॉ. आंबेडकरांनी ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेब गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले. मात्र हे पत्र सत्याग्रह सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी लिहिलेले आहे, हे टिपणात नमूद हवेच.

कोठे शोधावे?

आरंभ १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयापासून करता येतो. शहराच्या जुन्या वर्णनासाठी १८८३चे नाशिक जिल्हा गॅझेटियर उपयुक्त आहे. राज्य शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १७व्या खंडाच्या पहिल्या भागात या लढ्याविषयीचे साहित्य आहे. सरकारी कागदांसाठी मुंबईतील पुराभिलेख विभाग, तर पूर्वीच्या पीएचडी प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ पाहावे.

नोंदीची पद्धत

साधन हाती येताच लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि ते कोठे मिळाले, हे प्रथम लिहावे. वृत्तपत्र असल्यास तारीख व पान, संकेतस्थळ असल्यास पाहिल्याचा दिनांक द्यावा. प्रत्येक साधनाला क्रमांक देऊन तोच टिपणावर व छायाचित्राच्या फाइलवर घालावा. एका कार्डावर एकच मुद्दा असावा. मूळ शब्द अवतरणचिन्हांत, सारांश साध्या अक्षरांत आणि स्वतःचे मत वेगळ्या रंगात लिहावे. दोन साधनांत तफावत आढळल्यास दोन्ही नोंदी ठेवाव्यात.

वाङ्मयचौर्याचा धोका

या शिस्तीला नियमांचेही बळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास लेखन सुधारून सादर करावे लागते. योग्य संदर्भासह दिलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात. नोंद नसलेले अवतरण मात्र काही महिन्यांनी विद्यार्थ्याला स्वतःचेच वाक्य वाटू लागते आणि नकळत चौर्य घडते.