न ऐकता दिलेला निकाल

पुण्याहून सोलापूरकडे येताना टेंभुर्णी मागे पडली की मोडनिंब लागतं. आमच्या भागात कुणी 'मोडनिंबला जाऊन आलो' म्हटलं, की ऐकणारा गालात हसतो. कारण इथली संगीतबारीची थिएटरं. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बैठकीची लावणी कधी नीट बसून ऐकलेली नसते. ही सवय काही चावडीवरच्या लोकांचीच नाही. सरकारनंही एकदा असाच निकाल दिला होता.

1947 साली 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट आला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांनी तो गाजवला आणि पुढं तमाशापटांची रांगच लागली. राम जोशी आमच्या सोलापूरचे. तमाशाच्या नादापायी थोरल्या भावानं, मुद्गलानं, त्यांना घराबाहेर काढलं अशी कथा आहे. भावाचं काय चुकलं म्हणावं? त्या काळच्या ब्राह्मण घराला शोभेल तेच त्यानं केलं. पण बारामतीला मोरोपंत होते. संस्कृत वळणाचे पंडित कवी. डफ-तुणतुण्याला त्यांनी नाक मुरडलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र या शाहिराचा गुण ओळखला. पुढं राम जोशींनी कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. पंतांच्या पारखीचा फायदा असा पंतांनाच झाला!

चित्रपट येऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच, 1948 मध्ये, बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली. खेर सज्जन गृहस्थ होते, हेतूही वाईट नव्हता. तमाशात अचकट-विचकट काही नव्हतं असं मीही म्हणणार नाही. पण पडद्यावरच्या तमाशाला टाळ्या आणि कनातीतल्या तमाशाला कुलूप, हा न्याय कोणता? ज्यांचं पोट त्यावर होतं ती महार, मांग, कोल्हाटी घरं. त्यांना दुसरं काम कोण देणार होतं?

कलावंतांनी दाद मागितली आणि बंदी उठली. तमाशा सुधार समिती आली, मजकूर आधी तपासून घेण्याची पद्धत आली. बंदीपेक्षा हे बरं, यात शंका नाही. तरी एक मेख राहिलीच. वगातली बतावणी जागच्या जागी सुचते. ती आधी लिहून द्यायची म्हणजे तिचा जीवच काढायचा. आणि लावणी तर कागदावर अर्धीच असते. बैठकीत गाणारी बाई एकच ओळ चार वेळा घेते. एकदा रुसून, एकदा मनवून, एकदा नुसती भुवई उचलून. शब्द तेच, अर्थ दर वेळी निराळा. तपासनीस यावर शिक्का कुठं मारणार? मोडनिंबच्या बैठकीत पेटी आणि ढोलकी जवळ घेऊन बसलेल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. समोरचा जाणता आहे की नुसता दौलतजादा करायला आला आहे, हे त्यांना लगेच कळतं. सिनेमाच्या गाण्याची फर्माईश आली की तेही होतं, पोटासाठी. त्यावरून त्यांची पारख करू नये.

2005 साली राज्यानं डान्सबारवर बंदी आणली. तो प्रश्न वेगळा, हे मान्य. पण कायद्यातली एक गोष्ट ओळखीची वाटली: मोठ्या तारांकित हॉटेलांना त्यात सूट होती. नाच तोच, फक्त खुर्च्या महाग. उच्च न्यायालयानं 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये हा भेद मान्य केला नाही.

यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या, संगीतबारीत वाढलेल्या. त्यांना 1975 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2012 मध्ये पद्मश्री. देशानं त्यांना ओळखलं, उशिरा का होईना, आणि त्यांच्या हयातीत.

विठाबाई नारायणगावकरांचं तसं झालं नाही. त्या पंढरपूरच्या जन्माच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली ही बाई 2002 साली गेली तेव्हा दवाखान्याच्या खर्चाची ओढाताण चालली होती. नंतर राज्य शासनानं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.