जज्जसाहेबांना मत द्या!

ऑनसाइटला ओहायोत होतो तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर महिना. सकाळी ऑफिसला जाताना लोकांच्या हिरवळीवर पाट्या दिसायच्या, एक नाव आणि त्याच्यापुढे 'जज'. पहिल्यांदा वाटलं, जज्जसाहेब इथे राहत असतील. पण ओळीने चार घरांत एकच जज्ज कसा राहील? शेवटी टीममधल्या एकाला विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणे, इलेक्शन आहे!

आपल्या डोक्यात न्यायाधीश म्हणजे रामशास्त्री. ते दारोदार मतं मागतायत हे चित्र काही डोळ्यांपुढे येईना. मग वाचत सुटलो.

अमेरिकेत केंद्राचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि ते तहहयात राहतात. राज्यांचं मात्र वेगळं. १८३२ मध्ये मिसिसिपीने सगळेच न्यायाधीश निवडून द्यायचं ठरवलं, १८४६ मध्ये न्यूयॉर्क त्या वाटेने गेलं आणि मग रांगच लागली. गंमत म्हणजे ह्यामागचा एक हेतू न्यायालयं स्वतंत्र करण्याचाच होता! गव्हर्नर आणि आमदार आपल्या बगलबच्च्यांना खुर्चीवर बसवतात, त्यापेक्षा जनतेने बसवावं, असा विचार. एक बग काढला. पण त्या फिक्समधून दुसरा आत आला: निवडणुकीला पैसा लागतो.

तो किती महागात पडतो, ते वेस्ट व्हर्जिनियात दिसलं. ह्यू केपर्टन नावाच्या एका छोट्या खाणमालकाने मॅसी ह्या बलाढ्य कोळसा कंपनीवर दावा लावला, आमचा धंदा ह्यांनी बुडवला म्हणून. २००२ मध्ये ज्युरीने त्याला ५ कोटी डॉलर देववले. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होतं. तिथे न्यायमूर्ती पाच, आणि २००४ मध्ये त्यातल्या एका जागेची निवडणूक!

मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप ह्यांनी ब्रेंट बेंजामिन ह्या नवख्या वकिलासाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. उमेदवाराला थेट देणगीची मर्यादा फक्त १,००० डॉलर. ती त्यांनी पाळली. बाकीचा पैसा बाहेरच्या गटामार्फत आणि स्वतंत्र प्रचारातून. आणि जाहिरातींचा रोख कशावर? कोळशावर नाही. विद्यमान न्यायमूर्ती वॉरन मॅकग्रॉ ह्यांनी मुलांवर अत्याचार करणाऱ्याला मोकळं सोडलं, असा आरोप. मॅकग्रॉ हरले.

अपील आलं. केपर्टनने बेंजामिन ह्यांना बाजूला व्हायची विनंती केली, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा नकार. २००७ मध्ये निकाल लागला, ३ विरुद्ध २. ५ कोटी रद्द. त्या तिघांत बेंजामिन होते. नंतर दुसऱ्या एका न्यायमूर्तींचे ब्लँकेनशिपबरोबर फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवतानाचे फोटो बाहेर आले. ते बाजूला झाले, फेरसुनावणी झाली, २००८ मध्ये पुन्हा ३-२.

जून २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की बेंजामिन ह्यांनी बसायला नको होतं. न्यायमूर्ती केनेडींचा मुद्दा मला फार पटला. बेंजामिन खरोखर पक्षपाती होते का, हे सिद्ध करायची गरजच नाही. पक्षपाताचा धोका तेवढा मोठा असला की पुरे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स विरोधात होते. त्यांनी ४० प्रश्न मांडले: किती पैसा म्हणजे जास्त? हे किती वर्षं लागू? एज केसेसच म्हणा ना! आणि ते प्रश्न काही फालतू नाहीत.

पुढे काय झालं? नोव्हेंबर २००९ मध्ये बेंजामिन ह्यांना वगळून तेच प्रकरण राज्याच्या न्यायालयापुढे आलं आणि केपर्टन पुन्हा हरला. ४ विरुद्ध १. करारानुसार दावा ह्या राज्यात चालायलाच नको होता, हे कारण.

हे वाचून आधी चरफडलो. एवढं सगळं करून मिळवलं काय? मग वाटलं, हरणं आणि विकत घेतलेल्या पंचासमोर हरणं ह्यात फरक आहे. बेंजामिन मनाने शंभर टक्के सच्चे असतीलही. पण केपर्टनने त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

वेस्ट व्हर्जिनियाने २०१५ मध्ये ह्या निवडणुकांमधून पक्षांची नावं काढली. निवडणूक मात्र ठेवली. असो. त्या पाटीवरच्या जज्जचं पुढे काय झालं कोण जाणे. त्या पाट्यांचे पैसे कोणी भरले, हे मात्र तेव्हाच विचारायला हवं होतं.