पंप नसलेली गाडी

फोर्डची मॉडेल टी आली १९०८ मध्ये. सुरुवातीच्या सुमारे २,५०० गाड्या सोडल्या, तर तिला पाण्याचा पंपच नव्हता! इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरायचं. पातळी वरच्या नळीखाली गेली की मध्ये हवा यायची, फेरा तुटायचा, पाणी उकळायचं. पुढे पंप आला, दाबाचं झाकण आलं. हवेची खोड तशीच राहिली. म्हणून कूलंट आजही बारीक धारेनं ओततात आणि बुडबुडे थांबल्यावर पातळी पुन्हा बघतात. तेही गार इंजिनातच. दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की उसळून तोंडावर येतं.