गुणदोषांचीं नांवें

एखादा निबंध वाचून झाला, कीं त्यावर बहुधा एकच अभिप्राय ऐकूं येतो: 'लेख प्रभावी आहे.' तो कशानें प्रभावी झाला, असें विचारतांच बोलणारा अडखळतो. ही उणीव रसिकतेची नसून शब्दांची आहे, असें आम्हांस वाटतें. वस्तुतः असे शब्द आपल्या पूर्वजांनीं मोठ्या कष्टानें मिळविले होते.

संस्कृत साहित्यशास्त्रानें हें काम फार पूर्वीं आरंभिलें. भरतानें काव्याचे दहा गुण सांगितले. वामनानें शब्दाचे दहा व अर्थाचे दहा असे ते वीस केले. आणि अकराव्या शतकांत मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त त्यांची छाटणी करून माधुर्य, ओज व प्रसाद हे तीनच ठेविले. त्याची दोषांची यादी मात्र लांब आहे, आणि आमच्या मतें तीच अधिक उपयोगी. ज्याचा अर्थ आडवळणानें लागतो, तो शब्द क्लिष्ट. जो एका शास्त्रापुरताच रूढ असून इतरांस अपरिचित, तो अप्रतीत. दोन अर्थांपैकीं अप्रसिद्ध अर्थानें योजलेला, तो निहतार्थ. एखाद्या कचेरीचें पत्रक वाचतांना आपण कोठें अडलों, हें सांगावयास याहून नेमके शब्द शोधूनही सांपडणार नाहींत.

परंतु हा सारा विचार मुख्यतः काव्यासाठीं होता. मराठी गद्याची गरज निराळी होती. मोडी पत्रें शब्द न तोडतां, विरामचिन्हांवांचून सलग लिहिलीं जात. मायने ठरलेले आणि वाचणारा कारकून सरावलेला, म्हणून तें निभावत असे. छापखाना आल्यावर अनोळखी वाचकासाठीं लिहिण्याची पाळी आली. तेव्हां वाक्य कोठें थांबतें, हेंही त्यास दाखविणें प्राप्त झालें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें, आणि १८५० सालीं मेजर कँडी यांनीं विरामचिन्हांची परिभाषा मराठींत मांडली. स्वल्पविराम, पूर्णविराम हे शब्द आज शाळेंतील पोराच्याही तोंडीं आहेत. एके काळीं ते कोणी तरी मुद्दाम बसविले, याची आठवणही राहिली नाहीं.

पुढें १८७४ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाला' सुरू केली. तिच्या ८४ अंकांत लेखनशुद्धि, भाषापद्धति, वक्तृत्व हे विषयच निबंधाचे झाले. कसें लिहावें व कसें बोलावें, याची चर्चा मराठी गद्यांतच होऊं लागली. १८७५ पासून पुण्यांत वसंत व्याख्यानमाला भरूं लागली, आणि सभेपुढें बोलण्याची कलाही लोकांच्या परीक्षेस उतरली.

ही परंपरा सांगण्याचें कारण केवळ अभिमान नव्हे. ज्या दोषास नांव नाहीं, तो दिसत नाहीं. आणि जो दिसत नाहीं, तो सुधारतही नाहीं. मुलाच्या निबंधाखालीं शिक्षकानें नुसतें 'ठीक' लिहिलें, तर मूल आहे तेथेंच राहतें. 'येथें अर्थ क्लिष्ट झाला, येथें प्रसाद साधला' असें लिहिलें, तर त्यास वाट सांपडते. घरांत वर्तमानपत्र वाचतांना, व्याख्यानाहून परततांनाही हे शब्द वापरतां येतील. दुसऱ्याच्या लिहिण्यास नांवें ठेवण्यांत आपण मागें नाहीं. तीं नांवें नेमकीं असावींत, इतकेंच आमचें मागणें आहे.