बिलिंग काउंटरच्या रांगेत माणसं एकमेकांवर का खेकसतात?

महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळचे सात वाजलेत. सुपरमार्केटमध्ये काउंटर बारा आहेत, त्यातले सुरू आहेत पाच. प्रत्येकापुढे सात-आठ ट्रॉल्या. अशात कोणीतरी हातात शाम्पूची एक बाटली घेऊन पुढे सरकतं आणि म्हणतं, "एकच वस्तू आहे हो." मागून आवाज येतो, "आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत का?" पुढच्या दोन मिनिटांत आवाज चढतात, कुणाच्या टाचेला कुणाची ट्रॉली लागते, कुणीतरी मोबाइल काढून व्हिडिओ सुरू करतं.

असे व्हिडिओ आपल्या फीडमध्ये अधूनमधून येतात आणि खाली ठरलेली प्रतिक्रिया असते, "आपल्या लोकांना शिस्तच नाही." पण हे उत्तर पटण्यासारखं नाही. मुंबईत बेस्टच्या बसस्टॉपवर वर्षानुवर्षं लोक रांग लावत आले आहेत. लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणारी माणसं आणि सुपरमार्केटमध्ये दहा मिनिटांत तोंड सोडणारी माणसं, ही बऱ्याचदा एकाच घरातली असतात. म्हणजे माणूस तोच, पण या रांगेत असं काहीतरी आहे जे त्याला चिडवतं.

राग नेमका कशाचा येतो?

हार्वर्डमध्ये शिकवलेले व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. आजही या विषयावर बोलताना त्याचा उल्लेख होतो. त्यांचं म्हणणं सोपं होतं : घड्याळातली दहा मिनिटं आणि मनातली दहा मिनिटं वेगळी असतात. रिकामं उभं राहिलं की वेळ लांबतो. किती थांबायचंय ते माहीत नसलं की आणखी लांबतो. का थांबलोय ते कुणी सांगत नसलं की त्याहून लांबतो. आणि आपल्या मागून आलेला आपल्या आधी सुटला, तर तो वेळ असह्य होतो.

बिलिंगच्या रांगेत या चारही गोष्टी एकत्र येतात. पुढे काहीतरी अडलंय एवढंच दिसतं. भाजी वजन करून स्टिकर लावायची राहिली, बारकोड वाचला जात नाही, यूपीआयचं पेमेंट फिरत बसलंय, की चुकीची एंट्री रद्द करायला सुपरवायझरची वाट बघताहेत, ते पाचव्या नंबरवरच्या माणसाला कळत नाही. त्याला दिसते फक्त पुढच्या माणसाची पाठ. मग राग त्या पाठीवर निघतो.

एमआयटीचे प्राध्यापक रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये या सगळ्याला 'सामाजिक न्याय' असा शब्द वापरला. शब्द जरा जड वाटेल, पण मुद्दा रोजचा आहे. 'आधी येईल त्याचं काम आधी' हा रांगेचा एकमेव कायदा. तो मोडला की लोकांना वेळ गेल्यापेक्षा फसवलं गेल्याचं दुःख जास्त होतं. लालबागची नवसाची रांग प्रचंड असते, पण तिथे आपल्या पुढे कोण होतं ते आपण बघितलेलं असतं. सुपरमार्केटमध्ये पाच रांगा शेजारी-शेजारी असतात आणि प्रत्येक क्षणी तुलना चालू असते.

शेजारची रांग नेहमी पुढे का जाते?

हा भास नाही, साधं गणित आहे. समजा, तुमच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग आहे. कुठे अडेल, कुठे नाही, हे योगायोगावर ठरतं. मग तीन रांगांपैकी तुमची सर्वांत वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोन वेळा कुठली तरी दुसरी रांग तुमच्यापुढे जाणारच. आपण रांग बदलली तरी हा हिशेब बदलत नाही.

रांगांचं गणित सुरू झालं ते टेलिफोनमुळे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनकॉल्स किती आणि कसे येतात याचा अभ्यास मांडला. पुढे त्यातूनच रांगांचं शास्त्र उभं राहिलं. त्याचा एक निष्कर्ष असा : पाच काउंटरसाठी पाच रांगा लावण्यापेक्षा एकच लांब रांग लावावी आणि जो काउंटर मोकळा होईल तिकडे पुढच्याने जावं. विमानतळावर आणि बँकेच्या टोकनमध्ये हेच होतं. एखादा काउंटर अडला तरी त्याचा फटका एकाच रांगेतल्या लोकांना बसत नाही, सगळ्यांत वाटला जातो. आणि मागून आलेला आधी सुटणं जवळपास थांबतं.

मग सुपरमार्केटवाले असं का करत नाहीत? काही ठिकाणी करतातही. न्यूयॉर्कमध्ये होल फूड्सच्या दुकानांत ही पद्धत वापरली गेली. पण चाळीस ट्रॉल्यांची एक रांग लावायला जागा लागते, ती थेट डाळी-तांदळाच्या रॅकपर्यंत जाते. शिवाय दारातून आत येणाऱ्याला ती बघूनच धडकी भरते. पाच छोट्या रांगा कमी भीतिदायक दिसतात.

रांग निवडताना आपण आणखी एक घोळ घालतो. आपण भरलेल्या ट्रॉल्यांना घाबरतो आणि माणसं मोजत नाही. डॅन मायर या अमेरिकी गणित शिक्षकाने तिथल्या एका दुकानात मोजमाप केलं, तेव्हा प्रत्येक वस्तूमागे साधारण ३ सेकंद आणि प्रत्येक ग्राहकामागे, वस्तू कितीही असोत, साधारण ४१ सेकंद लागतात असं आलं. हे ४१ सेकंद नमस्कार-चमत्कार, पैसे देणं, पिशव्या उचलणं यात जातात. या हिशेबाने १०० वस्तूंची एक ट्रॉली पावणेसहा मिनिटांत सुटते आणि वीस-वीस वस्तूंचे चार जण जवळपास पावणेसात मिनिटं घेतात. आपल्याकडे तर मोबाइल नंबर, मेंबरशिप, कॅरी बॅग, सुट्टे पैसे, ओटीपी अशी भर पडते, म्हणजे माणसामागचा वेळ कमी असण्याची शक्यता नाही. (मोबाइल नंबर द्यायचा नसेल तर नाही म्हणता येतं. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलेलं आहे.)

किराणा दुकानाची सवय

आपल्या भांडणांना एक खास देशी कारणही आहे, असं मला वाटतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रांग नसते. काउंटरभोवती चार-पाच जण उभे असतात आणि शेठ एकाच वेळी तिघांचं काम करत असतो. एकाची यादी काढायला पोऱ्याला पाठवतो, दुसऱ्याला कोथिंबीर देतो, तिसऱ्याचे पैसे घेतो. तिथे "काका, मला फक्त अर्धा किलो साखर, आधी सोडा" हे उद्धटपणाचं बोलणं नाही, ती रीत आहे. कुणाला आधी सोडायचं ते शेठ ठरवतो आणि त्याचा शब्द सगळे मानतात.

अमेरिकेतही आधी असंच होतं. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं, जिथे ग्राहक स्वतः वस्तू उचलून शेवटी एकदाच पैसे देऊ लागला. त्या दिवसापासून खरेदीतला थांबण्याचा सगळा वेळ दुकानाच्या दाराशी गोळा झाला. आपल्याकडे हा बदल घरोघरी पोचला तो बराच उशिरा. डी-मार्टचं पहिलं दुकान पवईत सुरू झालं ते २००२ साली. म्हणजे आज साठीत असलेल्या माणसाची निम्म्याहून जास्त खरेदी वाण्याच्या पद्धतीने झालेली आहे. तो "एकच वस्तू आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या मते तो रीतसर विचारतोय. मागच्या तिशीतल्या मुलीला ती सरळसरळ घुसखोरी वाटते. आणि निवाडा करायला शेठ नसतो. काउंटरवरच्या मुलीला तो अधिकार कुणी दिलेला नसतो.

'नंबर धरणं' हा असाच दुसरा वाद. रॉकेलच्या रांगेत माणसाऐवजी डबे उभे असायचे आणि ते सर्वांना मान्य होतं. इथेही ट्रॉली रांगेत ठेवून कोणी विसरलेलं मीठ आणायला धावलं तर लोक चालवून घेतात. पण आजोबांना रिकाम्या बास्केटसह उभं करून नंतर तिघे जण दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन आले, की मागचे पेटतात. त्यांनी आजोबा मोजले होते, ट्रॉल्या नव्हत्या.

घुसणारा एक, गप्प बसणारे दहा

स्टॅनली मिलग्रॅम हे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवली. रेल्वे तिकिटांच्या खिडक्या, बेटिंगची केंद्रं अशा ठिकाणी. १९८६ मध्ये त्याचे निकाल छापून आले. एकच जण घुसला तेव्हा जेमतेम निम्म्या रांगांमध्ये कुणीतरी हरकत घेतली. दोघे घुसले तेव्हा मात्र हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. बोलायचं काम बहुतेक वेळा घुसणाऱ्याच्या लगेच मागे उभ्या असलेल्या माणसाने केलं. तो गप्प बसला, तर त्याच्या मागचेही बहुतेक गप्प राहिले.

म्हणजे नुकसान रांगेतल्या प्रत्येकाचं होतं, पण 'भांडखोर' ठरण्याची जोखीम एकाच्या वाट्याला येते. तो एकटा पडतो म्हणून आवाज चढवतो, आणि बघणाऱ्याला तोच उद्धट दिसतो. गंमत म्हणजे मिलग्रॅम यांनी घुसायला नेमलेल्या काही जणांना धीर गोळा करायला अर्धा-अर्धा तास लागला, काहींना तर मळमळायला लागलं. सराईतपणे घुसणारे वाटतात तितके सामान्य नाहीत.

आणि विचारून पुढे जाण्याचं काय? एलन लँगर यांनी न्यूयॉर्कमध्येच झेरॉक्स मशीनवर केलेला प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचच पानं आहेत, जाऊ का, असं नुसतं विचारलं तर ६० टक्के लोकांनी जाऊ दिलं. 'घाई आहे' असं कारण जोडल्यावर ९४ टक्क्यांनी. 'मला कॉपी काढायच्या आहेत' असं बिनकामाचं कारण दिलं, तरीही ९३ टक्क्यांनी. पण पानं २० झाली तेव्हा लोक सावध झाले. बिनकामाच्या कारणाला २४ टक्केच भुलले, खरं कारण सांगूनही ४२ टक्क्यांनीच होकार दिला. शाम्पूच्या एका बाटलीला लोक सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांना राग येतो तो न विचारता ती थेट कॅशियरसमोर ठेवल्याचा. आणि परवानगी पुढच्या एकट्याची पुरत नाही, कारण थांबावं सगळ्यांनाच लागतं.

नवा काउंटर उघडतो तेव्हा

रांगेतला सर्वांत स्फोटक क्षण हाच. "इकडे या" अशी हाक येते. सर्वांत जवळ आणि सर्वांत मोकळा असतो तो रांगेतला शेवटचा माणूस. तो पळतो आणि पहिला होतो. वीस मिनिटं उभी असलेली बाई ट्रॉली वळवेपर्यंत तिथे चार जण झालेले असतात. या चौघांनी तांत्रिकदृष्ट्या कुणाला ढकललेलं नसतं, तरी बाईंचा संताप रास्त आहे. यावर उपाय एका वाक्याचा आहे आणि तो दुकानाच्या हातात आहे : "या रांगेतले पुढचे दोघे इकडे या." एवढं बोलायला कर्मचाऱ्यांना शिकवलेलं असलं, तर ही भांडणं होतच नाहीत. ग्राहकांच्या शिस्तीवर बोलणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की बारापैकी पाचच काउंटर चालू ठेवणं हा निर्णय रांगेतल्या कुणीही घेतलेला नसतो.

हळू असलेल्या माणसाचं काय?

या सगळ्यात ज्याची चूक सर्वांत कमी तोच सर्वांत जास्त बोलणी खातो. चष्मा शोधून पर्समधून नोटा मोजणारी आजी, पिन आठवत थांबलेले आजोबा, कडेवर बाळ असलेली आई. मागून "लवकर आटपा ना" आलं की हात थरथरतात, पिन चुकतो, आणखी वेळ जातो. अशी दोन-तीनदा बोलणी खाल्ली की काही ज्येष्ठ मंडळी सामान आणायला जाणंच सोडून देतात. मग मुलगा ॲपवरून मागवतो आणि त्यांचा बाहेर पडायचा एक बहाणा संपतो.

नेदरलँड्समधल्या 'युम्बो' या सुपरमार्केट साखळीने २०१९ मध्ये याच्या बरोबर उलटं केलं. त्यांनी गप्पांचा काउंटर सुरू केला. ज्यांना घाई नाही त्यांनी या रांगेत यावं, कॅशियर निवांत बोलेल. एकटेपणाविरुद्धच्या सरकारी मोहिमेशी हा उपक्रम जोडलेला होता. तो लोकांना आवडला आणि २०२१ मध्ये कंपनीने असे २०० काउंटर करायचं ठरवलं. घाईवाल्यांचीही सोय झाली, कारण कुठली रांग सावकाश चालणार हे पाटीवरच लिहिलेलं होतं.

आपल्याकडे रेल्वे आरक्षणात ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी असते. तुमच्या सुपरमार्केटमध्ये तशी रांग आहे का, हे मॅनेजरला विचारून बघा. नसेल तर निदान एवढं विचारून ठेवा की दुकान कुठल्या वारी, किती वाजता रिकामं असतं. आई-बाबांना त्या वेळी पाठवता येईल.