शेंदूर काळा नव्हता

राहुरीकडच्या जुन्या वास्तूंचे फोटो कृष्णधवलच शोभतात, हा समज आपल्याला जुन्या छायाचित्रांनी दिला. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ साली निघाला. नगर जिल्ह्यातली देवळे त्यात काळ्या-पांढऱ्यातच भेटतात. पण तिथे रंग नाकारलेला नव्हता, तो हाताशीच नव्हता. त्यातून एकोणिसाव्या शतकातल्या साध्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून आभाळ कोरे पांढरे आणि शेंदूर फासलेला मारुती कोळशासारखा. यालाच आपण ‘अस्सल जुने’ म्हणतो!

आपला दगडच काळा, मग गमावले काय, असे कोणी विचारेल. नुसते कोरीवकाम टिपायचे तर हे खरे. तिरप्या उन्हात काळ्या पाषाणावरची नक्षी कृष्णधवलातच उठून दिसते. पण वाड्याचे जोते तेवढे दगडाचे. वर भाजलेली वीट, चुना, सागवान, पांढरीची माती. डागडुजीत थापलेले सिमेंट आणि मूळचा चुना करड्या छटेत सारखेच दिसतात, आणि नोंदीसाठी नेमका तोच फरक मोलाचा. रंगीत प्रिंट विटतात, चांदीच्या कृष्णधवल प्रिंट टिकतात, हा आक्षेप फिल्मच्या काळात वजनदार होता. आता रंगीत फाइलीतून कृष्णधवल केव्हाही काढता येते. उलटे होत नाही. राहुरीकडच्याच, संतचरित्रकार महिपतींच्या ताहराबादला जाल, तेव्हा आधी रंगीतच टिपा.