दाबपात, मुंबई शहरातील विद्युत् वितरण वाहिन्यांवरील

वितरण वाहिनीवर लघुमंडल किंवा भूदोष झाला म्हणजे दोषाच्या जागेकडे नेहमीच्या अनेक पट प्रवाह वाहतो. त्यामुळे रोहित्राच्या व पुरवठा वाहिनीच्या संरोधात दाबाचा मोठा भाग खर्ची पडतो आणि त्याच उपकेंद्रावरील निर्दोष वाहिन्यांच्या ग्राहकांनाही तेवढा वेळ कमी दाब मिळतो. यास दाबपात म्हणतात. दोषापर्यंतच्या केबलीचा संरोध उगमाच्या संरोधाइतका असल्यास उपकेंद्रावरील दाब निम्म्यावर येतो.

मुंबईत या प्रश्नाला महत्त्व आले ते गिरणगावामुळे. बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने १९०५ मध्ये वाडीबंदर येथे वीजनिर्मिती सुरू केली व १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. टाटांच्या खोपोली जलविद्युत् केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली आणि वाफेच्या एंजिनांची जागा क्रमाने विद्युत् चलित्रांनी घेतली. गिरगावच्या चाळीत दिवा क्षणभर मंदावला, तर कोणी फारसे लक्ष देत नसे. परळ-लालबागच्या गिरणीत मात्र तोच क्षण महाग पडे. प्रवर्तनी चलित्राची परिपीडन शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दाब निम्मा झाल्यास ती एकचतुर्थांश उरते. शिवाय चालू स्विचातील अवदाब वेटोळे सुटून चलित्र बंद पडते. माग थांबत, सूत तुटे. विणकराची मजुरी कापडाच्या उत्पादनावर ठरत असल्याने या खोळंब्याची झळ त्यालाही लागे.

रोहित्राच्या टप्प्यांत बदल करून दाब वाढविणे हा यावरील उपाय नव्हे, जरी तो अनेकदा सुचविला जातो. या बदलास काही सेकंद लागतात. तोपर्यंत पात संपलेला असतो. भार वाढल्याने सावकाश होणाऱ्या दाबघटीसाठीच तो योग्य होय. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत कमी व मध्यम दाबासाठी घालून दिलेली ६ टक्क्यांची मर्यादाही मुख्यतः अशा घटीसंबंधी होती. दाबपाताचा खरा उपाय म्हणजे दोषयुक्त भाग शक्य तितक्या लवकर तोडणे. कालक्रमी संरक्षणात उगमाजवळचे अभिचालित्र सर्वांत शेवटी कार्य करते. म्हणजे जेथे पात सर्वांत खोल, तेथेच तो सर्वांत जास्त टिकतो. केबलीच्या दोन्ही टोकांच्या प्रवाहांची तुलना करणाऱ्या भेददर्शी संरक्षणाने ही उणीव दूर होते.

शहरातील वितरण प्रामुख्याने भूमिगत केबलींनी होते. झाडाची फांदी तारांवर पडून होणारे क्षणिक दोष त्यामुळे टळतात. परंतु सांध्यात शिरलेले पावसाचे पाणी किंवा रस्ता खोदणाऱ्याची पहार यांनी झालेला दोष आपोआप नाहीसा होत नाही. खंडक पुन्हा जोडून पाहिल्यास दुसरा दाबपात तेवढा पदरी पडतो. म्हणून दोषयुक्त तुकडा दोन्ही बाजूंनी अलग करून वलयाच्या दुसऱ्या बाजूने पुरवठा देतात. दोषाचे अंतर मरी वलय चाचणीने किंवा स्पंद-परावर्तनाने काढतात व नंतर केबलीत उच्च दाबाचे आघात सोडून जमिनीवर कान देऊन नेमकी जागा हुडकतात. दादरसारख्या गजबजलेल्या भागात हे ऐकण्याचे काम रात्रीच सोयीचे.

१९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या व त्यांच्या जमिनींवर कार्यालये उभी राहिली. तेथील संगणकांना सेकंदाच्या दशांशाचा पातही बाधतो. यासाठी ग्राहकाकडेच विद्युत् घटमालेवर चालणारी अखंड पुरवठा यंत्रणा बसवितात.